गर्दीच्या पेठांत एकच गोष्ट स्पष्ट: सिलेक्टिव्ह फोकस लेन्स हाताने कशी चालवावी

पुण्याच्या तुळशीबागेत बांगड्यांच्या दुकानासमोर उभं राहून ५० मिमी एफ/१.८ लेन्सने फोटो काढला, की एक गोष्ट लगेच लक्षात येते. बांगड्या, क्लिपा, गळ्यातली, मागचा आरसा आणि शेजारी टांगलेला ‘फिक्स रेट’चा पुठ्ठा हे सगळं कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतं. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, कितीही उघडं ठेवा, पुठ्ठा बांगड्यांइतकाच ठसठशीत येतो. मागे सरकून फ्रेम बदलावी म्हटलं तर मागे गर्दीचा लोंढा आणि त्यात घुसलेली एखादी ॲक्टिवा.

नेहमीची लेन्स धूसर करते ते अंतरानुसार: जे फोकसच्या पुढे किंवा मागे आहे ते विरघळतं. सिलेक्टिव्ह फोकस लेन्स धूसर करते ती फ्रेममधल्या जागेनुसार. एक भाग स्पष्ट राहतो आणि त्याच्या भोवतीचं सगळं, मग ते त्याच अंतरावर का असेना, पसरत जातं. एवढा एक फरक डोक्यात बसला की ही लेन्स कुठे काढायची आणि कुठे बॅगेतच ठेवायची हे आपोआप कळायला लागतं. मोकळ्या माळावर एकटं झाड उभं असेल तर तुमची नेहमीची लेन्स पुरेशी आहे. जिथे सगळं एकाच पातळीत दाटीवाटीने भरलंय, तिथे हिचं काम. आणि पुण्याच्या पेठा म्हणजे दाटीवाटीच.

लेन्स कोणती घ्यायची

या प्रकारात सगळ्यात जास्त ऐकू येणारं नाव लेन्सबेबी. क्रेग स्ट्राँग या छायाचित्रकाराच्या कल्पनेतून अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये २००४ साली ही कंपनी सुरू झाली. पहिली लेन्स म्हणजे एक लवचीक नळी होती. ती बोटांनी दाबायची, वाकवायची आणि तशीच धरून शटर मारायचं. नंतरच्या कंपोझर मालिकेत उखळीत फिरणाऱ्या गोळ्यासारखा सांधा आला. त्यामुळे लेन्स वाकवून सोडली तरी ती तिथेच राहते आणि फोकससाठी वेगळी रिंग मिळते. नवशिक्याने कंपोझर प्रकारच घ्यावा.

कंपोझरच्या आत बसणाऱ्या काचा बदलता येतात, त्यांना ऑप्टिक म्हणतात. ‘स्वीट’ नावाच्या ऑप्टिकमध्ये गोल, स्पष्ट डाग मिळतो आणि भोवती धूसरपणा. ‘एज’ मध्ये डागाऐवजी स्पष्टतेची एक पट्टी मिळते. ‘वेल्व्हेट’ ही वेगळी, न वाकणारी लेन्स आहे. ती पूर्ण उघडी असताना सगळ्या चित्रावर एक मऊ तेज पसरवते. माझं मत विचाराल तर पहिली काच स्वीट ५० घ्या. तिचं ॲपर्चर एफ/२.५ पासून एफ/२२ पर्यंत रिंगने फिरतं (आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं). जुन्या ऑप्टिकमध्ये चुंबकाने चिकटणाऱ्या चकत्या बदलाव्या लागत. घरी निवांत बसून ते ठीक, पण मंडईच्या दारात हातात पिशवी असताना चकती खाली पडली की ती कोथिंबिरीच्या जुडीखालीच सापडणार. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा लहान सेन्सरवर) काम करत असाल आणि रुंद दृश्य हवं असेल तर स्वीट ३५ चा विचार करा.

नवीन लेन्सवर लगेच खर्च करायचा नसेल तर जुन्या सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४-२ बघा. ५८ मिमी एफ/२, एम४२ माउंट (लेन्स कॅमेऱ्यावर बसवायचा जुना आट्यांचा सांधा), पूर्णपणे हाताने चालणारी. ती वाकत नाही, मात्र मागे पानांची जाळी असेल तर तिची पार्श्वभूमी गोल फिरल्यासारखी दिसते आणि कडा मऊ होतात. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यावर ती साध्या अडॅप्टरने बसते. निकॉनच्या डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) घ्यायची असेल तर सावध राहा. एफ माउंटमध्ये सेन्सर आणि माउंट यांच्यातलं अंतर ४६.५ मिमी आणि एम४२ चं ४५.४६ मिमी. त्यामुळे मध्ये काच असलेला अडॅप्टर नसेल तर लांबचं दृश्य फोकसमध्ये येतच नाही. कॅननच्या ईएफ माउंटवर ही अडचण नाही. मिररलेससाठी वाकणारे टिल्ट अडॅप्टरही मिळतात. त्यावर जुनी ५० मिमी लावली की कमी पैशात निम्मं काम होतं.

कडा मऊ असणं हे खरं तर जुनंच दुखणं. जोसेफ पेट्झव्हाल यांनी १८४० मध्ये व्यक्तिचित्रांसाठी जी वेगवान लेन्स आखली, तिच्यातही मध्य तीक्ष्ण आणि कडा ढासळलेल्या असत. कारण एकच: साध्या रचनेची काच सपाट प्रतिमा बनवत नाही, वाटीसारखी वाकलेली बनवते, आणि सेन्सर मात्र सपाट असतो. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत हा दोष काढून टाकण्यासाठी एकेका लेन्समध्ये सहा-सात-दहा भिंगं भरली गेली. आपण तोच दोष पैसे देऊन परत घेतोय!

कॅमेऱ्यात आधी करायचे बदल

या लेन्सला इलेक्ट्रॉनिक संपर्क नसतात. कॅमेऱ्याला वाटतं पुढे काहीच लावलेलं नाही, आणि बरेच कॅमेरे शटर मारायलाच नकार देतात. सोनी, फुजी आणि कॅननच्या मिररलेसमध्ये मेनूत ‘लेन्सशिवाय शटर चालू’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तो सुरू करा. लेन्स बंद पडली म्हणून परत करायला निघालेले बहुतेक लोक इथेच अडकलेले असतात.

मग कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा. लेन्सवरची रिंग फिरवली की प्रकाश खरोखर कमी-जास्त होतो, कॅमेरा तो मोजून शटर स्पीड ठरवतो. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या डीएसएलआरमध्ये मात्र अशा लेन्सबरोबर मीटर चालत नाही. तिथे मॅन्युअल मोड, एक चाचणी फोटो, हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघणं आणि दुरुस्ती. दोन दिवसांत अंदाज बसतो.

कॅमेऱ्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा हादरा सावरणारी सोय) असेल तर मेनूत लेन्सची फोकल लेंथ स्वतः भरा: स्वीट ५० साठी ५०. चुकीचा आकडा असेल तर स्थिर करण्याऐवजी उलटा हादरा मिळतो. स्टॅबिलायझेशन नसेल तर शटर स्पीड १/२०० च्या खाली जाऊ देऊ नका. एरवी क्रॉप सेन्सरवर ५० मिमीला १/८० पुरतो, पण इथे डावा हात रिंग फिरवत असतो, लेन्स वाकवत असतो, आणि कॅमेरा तेवढा घट्ट धरलेला नसतो. ऑटो आयएसओला (सेन्सरची संवेदनशीलता आपोआप बदलणाऱ्या सोयीला) किमान शटर स्पीड सांगून ठेवला की हा विचार डोक्यातून जातो.

फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या माहितीच्या फाइलमध्ये, घ्या. तुळशीबागेत आणि मंडईच्या भोवती निळ्या-हिरव्या ताडपत्र्या असतात, त्याखालचा प्रकाश चेहऱ्यांवर विचित्र छटा टाकतो. जेपीईजीत ती नीट निघत नाही.

व्ह्यूफाइंडरच्या शेजारचं डायॉप्टरचं छोटं चाक लोक कधी हातच लावत नाहीत. ऑटोफोकसमध्ये ते थोडं हललेलं असलं तरी चालून जातं. इथे फोकस तुमच्या डोळ्याने होणार आहे. लेन्सकडे दुर्लक्ष करून व्ह्यूफाइंडरमधले आकडे सुस्पष्ट दिसेपर्यंत चाक फिरवा. चष्मा लावून बघणार असाल तर चष्मा लावूनच.

पहिला धडा भिंतीवर

घरातून बाहेर पडून सरळ शनिवारवाड्यासमोर जायचा मोह होईल. आधी एक भिंत शोधा: जाहिराती चिकटवलेली, जुन्या वाड्याची विटांची, किंवा अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या दुकानात रचलेल्या पुस्तकांच्या कण्यांची. अक्षरं असलेली भिंत उत्तम, कारण स्पष्ट काय आणि पसरलेलं काय ते वाचूनच कळतं.

भिंतीसमोर साधारण दोन मीटरवर, कॅमेरा भिंतीला समांतर धरून उभे राहा. लेन्स सरळ, न वाकवलेली. ॲपर्चर एफ/२.५. मधल्या अक्षरावर फोकस करा, फोटो घ्या. जागा न बदलता एफ/४, एफ/५.६, एफ/८ असे फोटो घ्या. प्रत्येक वेळी मधल्या अक्षरावर पुन्हा फोकस करायचा. घरी मोठ्या पडद्यावर बघा. एफ/२.५ ला स्पष्ट भाग लहान असेल आणि त्यातही थोडी धुकट चमक असेल. एफ/४ ला तो भाग वापरण्याजोगा होतो. एफ/५.६ ला चेहरा आणि खांदे मावतील एवढा. एफ/८ नंतर धूसरपणा कोपऱ्यांकडे सरकत जातो आणि एफ/११ च्या पुढे लेन्स जवळपास साधी वाटू लागते. फुल फ्रेमवर कडा जास्त ढासळलेल्या दिसतात. क्रॉप सेन्सरवर त्या कापल्या जातात, म्हणून तिथे तोच स्पष्ट डाग फ्रेमचा मोठा हिस्सा व्यापतो. हे आकडे पाठ करू नका, तुमच्या कॅमेऱ्यावर तुमच्या भिंतीवर काय दिसतं ते महत्त्वाचं.

आता एफ/४ वर लेन्स डावीकडे वाकवा. स्पष्ट डाग डावीकडे जाईल. वर वाकवली की वर. लेन्सचं तोंड जिकडे, डाग तिकडे. वाकवल्यावर मधलंच काय, ज्या अक्षरावर डाग गेलाय तेही थोडं सुटलेलं दिसेल, कारण वाकवताना फोकसही हलतो. म्हणून क्रम पक्का करा. आधी लेन्स सरळ ठेवून ढोबळ फोकस. मग वाकवून डाग हव्या त्या जागी. मग पुन्हा बारीक फोकस. उलट क्रमाने केलं तर प्रत्येक फोटोत तेच काम दोनदा होतं.

भिंतीवरच आणखी एक गंमत करून बघा. फोकस रिंग थोडी पुढे-मागे फिरवा. एका दिशेला मधला भाग सुटतो आणि त्याच्या भोवतीचं कडं किंचित तीक्ष्ण होतं. ही त्या वाटीसारख्या वाकलेल्या प्रतिमेची खूण. याचा व्यवहारातला उपयोग मोठा आहे. या लेन्सची स्पष्टता कॅमेऱ्याभोवती वाटीसारखी वळते. म्हणजे फ्रेमच्या कडेला, विषयाहून जवळ असलेलं एखादं पान किंवा दोरी अनपेक्षितपणे स्पष्ट येऊ शकते. याउलट कडेला लांबचं काही असेल तर ते दुप्पट विरघळतं: जागेमुळे आणि अंतरामुळेही.

डोळ्याने फोकस

मिररलेसवर फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) सुरू करा, पण त्याच्यावर विसंबू नका. एफ/२.५ ला या काचेचा कॉन्ट्रास्ट कमी असतो, आणि पीकिंगचे रंगीत ठिपके फोकस असलेल्या-नसलेल्या दोन्ही कडांवर नाचतात. संवेदनशीलता ‘कमी’ वर ठेवा. खरा भरवसा आहे तो चित्र मोठं करून बघण्यावर. एखाद्या बटणाला मॅग्निफायचं काम देऊन ठेवा. आणि मोठं करण्याची चौकट फ्रेमच्या मध्यात न ठेवता जिथे डाग नेलाय तिथे सरकवा. ही सरकवायची सवय लागत नाही तोवर लोक धूसर भाग मोठा करून बघत राहतात आणि लेन्सला नावं ठेवतात.

डीएसएलआरवर आरशातून दिसणारं चित्र फसवं असतं. हल्लीचे फोकसिंग स्क्रीन उजळ असतात, त्यामुळे ते मोठ्या ॲपर्चरची खरी उथळ खोली दाखवत नाहीत. जवळच्या विषयाला लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावरचं चित्र, वापरा.

जवळून काम करताना रिंग फिरवण्यापेक्षा स्वतः हलणं सोपं. फोकस अंदाजे लावा, मग कमरेपासून अगदी हळू पुढे झुका. डोळ्यातली चमक टोकदार झाली की शटर. तीन फोटोंचा बर्स्ट मारला तर एक तरी जागेवर बसतो.

चालत्या माणसांसाठी आधी जागेवर फोकस करून थांबा. लक्ष्मी रोडच्या फुटपाथवर एखादी फरशी किंवा खांब निवडा, त्यावर फोकस करा, डाग फ्रेमच्या त्या भागात न्या आणि माणूस तिथे यायची वाट बघा. माणसामागे लेन्स फिरवत राहिलात तर दिवस जाईल.

आधी धूसर काय होणार ते ठरवा

बहुतेक जण स्पष्ट विषय शोधतात, डाग त्यावर ठेवतात आणि बाकीचं नशिबावर सोडतात. माझ्या मते काम उलटीकडून सुरू करावं. स्पष्ट भागाकडे बघणाऱ्याची नजर आपणहून जाते, त्यासाठी काही करावं लागत नाही. फोटो उभा राहतो किंवा पडतो तो फ्रेमच्या उरलेल्या मोठ्या भागावर.

या काचेत धूसर भाग डागापासून बाहेरच्या दिशेने ओढल्यासारखा पसरतो. म्हणून तिथे काय असेल याला महत्त्व आहे. उजेडाचे बारीक ठिपके असतील तर त्यांच्या रेघा होतात आणि त्या सगळ्या डागाकडे बोट दाखवतात. एकाच रंगाची वेगवेगळी छटा असेल तर तो भाग शांत राहतो. पांढरा बोर्ड, आकाशाचा उघडा तुकडा किंवा ट्यूबलाइट कोपऱ्यात असेल तर मात्र तो पसरून मोठा पांढरा ढब्बा होतो, आणि नजर डाग सोडून तिकडे जाते. धूसर केल्याने नको असलेली वस्तू नाहीशी होत नाही, उजळ असेल तर ती आणखी जागा खाते.

मंडईत हे लगेच कळतं. १८८६ साली रे मार्केट म्हणून उभी राहिलेली ती दगडी अष्टकोनी इमारत, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई. सकाळी आत शिरा. एका गाळ्यावर लिंबं, मिरच्या, आलं, कोथिंबीर शेजारीशेजारी. लिंबांवर डाग ठेवला आणि बाजूला मिरच्यांचा हिरवा ढीग असेल तर हिरवा रंग लिंबांभोवती वाहत जातो आणि फोटो जमतो. दोन पावलं सरकलात आणि कोपऱ्यात वजनकाट्याचं स्टीलचं ताट आलं, की त्याच्यावरची चकाकी सगळ्यावर मात करते. लेन्स तीच, सेटिंग तेच. म्हणून शटर मारण्याआधी एकदा डाग सोडून चारही कोपरे बघायचे, सगळ्यात उजळ काय आहे ते शोधायचं, आणि ते फ्रेमबाहेर जाईल असं अंग सरकवायचं.

तुळशीबागेतली भातुकली हा या लेन्ससाठी बनवल्यासारखा विषय आहे. बोटभर कढया, पळ्या, खलबत्ते एकाच फळीवर रांगेत. सगळं एका अंतरावर, सगळं चकाकणारं. एफ/४ वर एका छोट्या कढईवर डाग ठेवा, बाकीची रांग दोन्ही बाजूंनी पितळी रेघांमध्ये विरघळते. अगदी जवळ जायचं असेल तर लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये पातळ एक्स्टेन्शन रिंग (पोकळ कडं) लावा. ‘एक फोटो घेऊ का?’ एवढं विचारलं की सहसा कोणी नाही म्हणत नाही, फक्त दुपारच्या गर्दीत धंद्याच्या वेळी गाळ्यासमोर ठाण मांडू नका.

तांबट आळी, आणि माणसांचे फोटो

कसबा पेठेतली तांबट आळी लांबून ऐकूच येते. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोके देऊन जे खळगे पाडतात त्याला मठारकाम म्हणतात. फोटोच्या दृष्टीने या खळग्यांचं महत्त्व असं, की प्रत्येक खळगा एक छोटा आरसा असतो. दारातून येणारा उजेड त्या शेकडो आरशांत ठिपक्यांसारखा तुटतो, आणि आपल्या लेन्सला असेच ठिपके हवे असतात.

पहिल्यांदा कॅमेरा पिशवीतच ठेवा. ‘नमस्कार काका, काम बघू का थोडा वेळ?’ असं विचारून पाच-दहा मिनिटं नुसतं बघा. हातोडी कुठे उठते, भांडं किती वेळाने फिरवतात, उजेड कुठून येतो. मग ‘फोटो काढले तर चालेल?’ विचारा. हातोडीचा हात हलत असतो पण ठोका एकाच जागी पडतो. फोकस त्या जागेवर लावा आणि हलवू नका. शटर १/२५० ठेवलात तर ठोका थिजतो, १/३० ठेवलात तर हात पुसट होतो आणि भांडं स्पष्ट राहतं. दुसरा मला जास्त आवडतो, कारण तिथे दोन प्रकारचे धूसरपण एकत्र येतात: एक लेन्सचं, एक हालचालीचं. अर्थात १/३० ला कोपर गुडघ्यावर किंवा दाराच्या चौकटीवर टेकवा.

चेहऱ्यासाठी नियम साधा. कॅमेऱ्याजवळचा डोळा डागात, ॲपर्चर एफ/४ किंवा एफ/५.६. एफ/२.५ ला एक डोळा स्पष्ट आणि नाक पसरलेलं असा प्रकार होतो, तो एखाद्याच चेहऱ्याला शोभतो. डोळा फ्रेमच्या वरच्या तिसऱ्या भागात असेल तर लेन्स थोडी वर वाकवा. ज्यांचा फोटो काढला त्यांना पडद्यावर दाखवा. कडा अशा का दिसतात हे विचारलं जाईलच. ‘लेन्सच तशी आहे’ हे उत्तर पुरतं. आणि ज्यांचा चेहरा ओढल्यासारखा आलाय तो फोटो त्यांना पाठवू नका, साध्या लेन्सने एक चांगला काढून तो पाठवा.

पट्टी: पर्वतीवरून

एज ऑप्टिकची प्रतिमा सपाट असते. सरळ धरली तर ती साधीच लेन्स. वाकवली की स्पष्टतेची पातळी तिरकी होते. या भूमितीला शाइम्प्फ्लुग यांचं नाव आहे. थिओडोर शाइम्प्फ्लुग हे ऑस्ट्रियाच्या सैन्यातले अधिकारी, त्यांनी १९०४ च्या सुमारास हवाई छायाचित्रं सरळ करण्यासाठी ही कल्पना मांडली.

पर्वतीच्या पायऱ्या चढून वर गेल्यावर शहर खाली पसरलेलं दिसतं. लेन्स वरच्या बाजूला वाकवा. इमारतींची एकच आडवी पट्टी स्पष्ट राहील, तिच्या अलीकडचं-पलीकडचं धूसर होईल, आणि घरं खेळण्यातली वाटू लागतील. डोळ्याला एवढी उथळ स्पष्टता फक्त अगदी जवळच्या, लहान वस्तूंमध्ये बघायची सवय असते, म्हणून हा भास होतो. उलट, खाली वाकवलीत तर स्पष्टता जमिनीलगत पसरते आणि जवळपासून लांबपर्यंत सगळं स्पष्ट येऊ शकतं. मग खेळण्यांचा भास जातो. डावीकडे-उजवीकडे वाकवली तर पट्टी उभी होते, ती एखाद्या शिखराला किंवा दीपमाळेला बरी. हिवाळ्यातल्या सकाळी शहरावर धुरकट थर असतो. पाऊस पडून गेल्यावरची दुपार या फोटोंना चांगली.

खेळण्यांच्या गावाचे फोटो पाच-सहा काढले की हौस फिटते, हेही खरं. एज ऑप्टिक फक्त त्यासाठी घेऊ नका.

पाताळेश्वर लेणी आणि शनिवारवाडा पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत आहेत. तिथे ट्रायपॉडला परवानगी लागते, हातात धरूनच काम करायची तयारी ठेवा. पाताळेश्वरचा गोल नंदीमंडप आठव्या शतकातला. काळ्या दगडाच्या जाड खांबांमध्ये डाग आत नेला की बाजूचे खांब अंधारात वितळतात. इथे मीटर अंधार बघून फोटो जास्त उजळ करतो, एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे निम्म्याने) कमी करा.

दुपारचं ऊन आणि रात्रीचे दिवे

भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ/२.५ ला शटर १/४००० च्या आसपास लागतो. बऱ्याच कॅमेऱ्यांची धाव तिथेच संपते. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावा किंवा सावलीत शिरा. पुण्यातल्या एप्रिलमध्ये दुसरा पर्याय तब्येतीलाही बरा.

रात्री मजा वेगळी. डेक्कनजवळच्या झेड ब्रिजवरून दुचाकींचे दिवे, नदीपलीकडचे बोर्ड, मेट्रोच्या डब्यांच्या खिडक्या. स्पष्ट काय ठेवायचं ते हाताशी असलेलं काही निवडा: कठड्याचा एखादा भाग, मक्याचं कणीस भाजणाऱ्याचा पंखा. मागच्या दिव्यांच्या रेघा होतील. गणपतीच्या दिवसांत रोषणाईच्या माळा असतात, पण ढोल-ताशा पथकात शिरून हाताने फोकस करणं म्हणजे धक्के खायची तयारी. बाजूच्या ओट्यावर उभं राहा, एफ/५.६, ठरलेल्या अंतरावर फोकस, आणि टिपरू त्या अंतरात आलं की शटर.

लेन्स न घेता

जुनी, ॲपर्चर रिंग असलेली ५० मिमी घरात असेल तर ती कॅमेऱ्यापासून सोडवून, काही मिलिमीटर पुढे धरून हाताने वाकवता येते. फोकस अनंतावर ठेवा आणि ॲपर्चर पूर्ण उघडं. डीएसएलआरवर यात फक्त जवळचेच विषय जमतात. मिररलेसवर डीएसएलआरची लेन्स धरली तर लांबचंही येतं. मधल्या फटीतून उजेड शिरून चित्र फिकं होतं, कधीकधी ते सुंदरही दिसतं. मात्र सेन्सर उघडा राहतो. पुण्याच्या रस्त्यावरची धूळ लक्षात घेता हा प्रयोग घरात, खिडकीशी करा.

कॉम्प्युटरवर

सगळ्या फोटोला शार्पनिंग देऊ नका. मास्क लावून फक्त डागाला द्या. स्पष्ट भागाचा कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा, कडेच्या उजळ ढब्ब्यांची तीव्रता कमी करा. कडेला आणखी धूसरपणा जोडायचा मोह टाळा. सॉफ्टवेअरचा धूसरपणा दिव्यांच्या रेघा ओढत नाही, नुसतं फासतो, आणि दोन्ही एकत्र आले की जोड दिसतो. फोटोच्या माहितीत ॲपर्चरची नोंद येणार नाही. कोणता फोटो कितीवर काढला हे लक्षात ठेवायचं असेल तर रिंग बदलली की हाताच्या बोटांचा एक फोटो काढा: चार बोटं म्हणजे एफ/४.

पावसाळ्यात या लेन्सला बुरशीचं भय इतर कुठल्याही लेन्सइतकंच, जुन्या हेलिओसला तर जास्त. कापडी पिशवीत कपाटात ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू द्या. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला मात्र वापरू नका. जुनी लेन्स विकत घेताना मोबाईलचा टॉर्च मागून मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का बघा, ॲपर्चरची पाती तेलकट आहेत का बघा, आणि फोकस रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी फिरते का तेही बघा. अडखळत असेल तर भाव कितीही कमी केला तरी घेऊ नका, कारण या लेन्सवर तुमचं सगळं काम त्या रिंगनेच होणार आहे.